छोट्या व्यवसायासाठी गुगलवर दिसणं: फुकट काय होतं, पैसे कुठे लागतात आणि चावी कोणाकडे ठेवायची

"तुमचं दुकान गुगलवर एक नंबरला आणून देतो, महिन्याला फक्त इतके रुपये." दुकान, वर्कशॉप, क्लास, खानावळ असं काहीही चालवणाऱ्या माणसाला हा फोन कधी ना कधी येतोच. फोन करणारा प्रत्येक जण फसवतोच असं नाही. पण तो नेमकं कशाचे पैसे घेणार आहे हे समोरच्याला कळत नाही, आणि गडबड तिथेच होते. जे काम फुकट होतं त्याचे पैसे जातात. जे पैशाने होतच नाही त्याचेही जातात. सगळ्यात वाईट म्हणजे, दुकानाच्या नावाचं खातं दुसऱ्याच्याच ईमेलवर तयार होतं.

या लेखात आपण छोट्या व्यवसायाच्या दृष्टीने गुगल सर्च कसं चालतं ते पाहू, आणि वेळ व पैसा कोणत्या क्रमाने घालायचा ते ठरवू. उदाहरण म्हणून कराडमधलं एक मोटार रिवाइंडिंगचं दुकान धरू. विहिरीवरचा पंप जळाला की शेतकरी फोन काढतो आणि 'मोटार रिवाइंडिंग कराड' शोधतो. त्या वेळी तुमचं नाव दिसलं पाहिजे, फोन लागला पाहिजे, एवढंच आपल्याला हवंय.

गुगलच्या पानावर तीन वेगळ्या जागा असतात

शोधल्यावर जे पान उघडतं ते एकच यादी वाटते, पण त्यात साधारण तीन भाग असतात.

पहिला भाग जाहिरातींचा. त्यावर 'प्रायोजित' असं लिहिलेलं असतं. इथे पैसे लागतात.

दुसरा भाग नकाशाचा. नकाशाखाली सहसा तीन व्यवसायांची नावं, स्टार आणि फोनचं बटण दिसतं. 2015 पर्यंत इथे सात नावं दिसायची, मग ती तीनवर आली. ही नावं 'गुगल बिझनेस प्रोफाइल' या मोफत सेवेतून येतात. नकाशात मध्येच एखादी जाहिरात दिसू शकते, पण तिच्यावरही 'प्रायोजित' लिहिलेलं असतं.

तिसरा भाग नेहमीच्या वेबसाइटच्या लिंकचा. यात वर येण्यासाठी जे काम करतात त्याला एसईओ म्हणतात.

तिन्ही ठिकाणचे नियम वेगळे आहेत. म्हणून कोणी 'एक नंबर' म्हणालं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: तिन्हीपैकी कुठे? जाहिरातीत असेल तर पैसे थांबले की नाव गेलं. नकाशात किंवा लिंकमध्ये असेल तर तशी हमी कोणालाच देता येत नाही, हे गुगलने स्वतःच लिहून ठेवलं आहे. नकाशातली जागा पैसे देऊन वर नेता येत नाही, हेही गुगलच्या मदत पानावर स्पष्ट म्हटलं आहे.

छोट्या दुकानासाठी क्रम असा ठेवा: आधी नकाशा, मग स्वतःचं एक साधं पान, आणि शेवटी गरज वाटली तर जाहिरात.

नकाशात वर-खाली कशावरून ठरतं?

गुगल तीन गोष्टी सांगतं: जुळणी, अंतर आणि ठळकपणा.

जुळणी म्हणजे ग्राहकाने जे शोधलं ते तुमच्या प्रोफाइलशी किती जुळतं. दुकानात काम मोटार रिवाइंडिंगचं चालतं, पण प्रोफाइलमध्ये प्रकार 'हार्डवेअर दुकान' निवडलाय, तर गुगलला काय कळणार?

अंतर म्हणजे शोधणारा माणूस तुमच्यापासून किती लांब आहे. हे आपल्या हातात नाही. साताऱ्यात, सुमारे 50 किलोमीटरवर बसून शोधणाऱ्याला कराडचं दुकान दिसलं नाही तर त्यात बिघाड काही नाही, त्याला जवळची दुकानं दाखवली जातात.

इथे एक मोठा गैरसमज होतो. आपण दुकानात बसून आपल्याच फोनवर शोधतो आणि 'बघा, पहिले आलो' म्हणतो. अरे, तुम्ही दुकानातच उभे आहात, अंतर शून्य आहे! एजन्सीवालाही तुमच्या समोर बसून हेच दाखवतो. खरं बघायचं असेल तर मलकापूरच्या किंवा ओगलेवाडीच्या ओळखीच्या माणसाला शोधायला सांगा आणि त्याच्याकडून स्क्रीनशॉट मागवा. शोधताना दुकानाचं नाव टाकायचं नाही, कामाचं नाव टाकायचं. ज्याला तुमचं नाव आधीच माहीत आहे तो नवा ग्राहक नसतो.

ठळकपणा म्हणजे तुमचा व्यवसाय किती ओळखीचा आहे. रिव्ह्यूंची संख्या, स्टार, इतर वेबसाइटवर आलेली माहिती हे सगळं यात येतं.

अंतर बदलता येत नाही. म्हणून सगळी मेहनत बाकीच्या दोन गोष्टींवर.

प्रोफाइल भरताना काय जपायचं?

या सेवेचं आधीचं नाव 'गुगल माय बिझनेस' होतं. नोव्हेंबर 2021 मध्ये ते 'गुगल बिझनेस प्रोफाइल' झालं. खूप जण अजून जुनंच नाव वापरतात, सेवा तीच आहे.

सुरुवातीला मॅप्सवर आपलं दुकान आधीपासून आहे का ते शोधा. बऱ्याचदा कोणीतरी ते टाकून ठेवलेलं असतं. असेल तर नवीन बनवू नका, त्याच्यावरच मालकीचा दावा करा. एकाच दुकानाची दोन प्रोफाइल झाली की रिव्ह्यू दोन्हीकडे वाटले जातात आणि ग्राहक जुन्या नंबरवर फोन करत बसतो.

नाव: बोर्डावर आहे तेच. 'अमुक इलेक्ट्रिकल्स' हे नाव असेल तर तेवढंच लिहायचं. 'अमुक इलेक्ट्रिकल्स बेस्ट मोटार रिवाइंडिंग पंप रिपेअर कराड' असं शेपूट लावणं नियमाविरुद्ध आहे. कोणी तक्रार केली तर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं, आणि ते परत मिळवताना ऐन हंगामात दुकान नकाशावरून गायब राहतं.

प्रकार: एक मुख्य आणि त्याशिवाय 9 पर्यंत जास्तीचे प्रकार निवडता येतात. ही यादी गुगलची ठरलेली असते. मुख्य प्रकार सर्वात जास्त कमाई ज्या कामातून होते त्याच्या जवळचा निवडा. बाकीचे खरंच करत असाल तरच.

पत्ता: दुकान असेल तर नकाशावरची खूण आपल्या शटरवर आहे का ते झूम करून बघा. तुम्ही फक्त शेतावर किंवा घरी जाऊन काम करत असाल, दुकान नसेल, तर पत्ता लपवून सेवा देण्याचा भाग निवडता येतो. असे 20 पर्यंत भाग टाकता येतात.

वेळ: साप्ताहिक सुट्टी, गणपती, दिवाळी यांच्या वेळा आधीच टाका. 'उघडं आहे' असं बघून 15 किलोमीटरवरून मोटार टेम्पोत घालून आलेल्या माणसाला बंद शटर दिसलं तर तो परत येत नाही. वर एक स्टार देऊन जातो.

वर्णन: 750 अक्षरांपर्यंत लिहिता येतं. 'सर्वोत्तम सेवा, वाजवी दर' असं सगळेच लिहितात, त्यातून काही कळत नाही. किती एचपीपर्यंतच्या मोटारी घेता, सबमर्सिबल करता का, मोटार काढायला शेतावर जाता का, साधारण किती दिवस लागतात, हे लिहा.

फोटो: बाहेरून बोर्डासह, आत कामाची जागा, आणि काम चालू असताना. नेटवरून उचललेले चकचकीत फोटो नकोत. रस्त्यावरून दुकान ओळखता आलं पाहिजे, हाच फोटोचा खरा उपयोग.

यानंतर पडताळणी होते. आजकाल अनेकदा व्हिडिओ मागतात: रस्ता, बोर्ड, हत्यारं आणि दुकान तुमच्याच ताब्यात आहे हे दिसेल असं काहीतरी, उदाहरणार्थ किल्लीने शटर उघडताना. एका दमात शूट करा. आणि पडताळणीचा कोड फोनवर कोणालाही सांगू नका. 'गुगलमधून बोलतोय, पैसे भरले नाहीत तर तुमचं लिस्टिंग बंद होईल' असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. या प्रोफाइलसाठी गुगल पैसे घेत नाही.

चावी कोणाकडे?

सगळा लेख विसरलात तरी चालेल, पण हा भाग लक्षात ठेवा.

प्रोफाइल हे कोणत्या तरी ईमेलला जोडलेलं असतं. त्या ईमेलचा मालक तोच प्रोफाइलचा मालक. एजन्सीने स्वतःच्या ईमेलवर प्रोफाइल उघडलं तर दहा वर्षांत जमलेले रिव्ह्यू, फोटो आणि फोन नंबर बदलण्याचा अधिकार हे सगळं त्यांच्या हातात राहतं. पुढे हिशोबावरून वाद झाला की नंबर बदलला जाऊ शकतो, म्हणजे तुमचा ग्राहक दुसऱ्याच दुकानात जातो. मालकी परत मागण्याची सोय गुगलने ठेवली आहे, पण त्यात वेळ आणि कागदपत्रं दोन्ही लागतात.

त्यामुळे नियम सोपा ठेवा. दुकानासाठी वेगळा ईमेल उघडा, त्याला तुमचाच मोबाइल जोडा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. मालक तुम्ही, एजन्सी किंवा भाचा जो कोणी मदत करतोय तो 'मॅनेजर'. मॅनेजरला माहिती बदलता येते, उत्तरं देता येतात, पण प्रोफाइल हस्तांतरित करता येत नाही. काम संपलं की त्याचं नाव काढून टाका. आज प्रोफाइल दुसऱ्याच्या नावावर असेल तर संबंध चांगले आहेत तोवरच बदल करून घ्या, कारण नव्या मालकाला पहिले 7 दिवस सगळे अधिकार मिळत नाहीत.

हेच वेबसाइटच्या डोमेनलाही लागू. डोमेनची नोंदणी तुमच्या नावावर आणि तुमच्या ईमेलवर हवी. जाहिरातीचं खातंही तुमचं, एजन्सीला फक्त प्रवेश द्यायचा.

रिव्ह्यू कसे मागायचे?

प्रोफाइलमधून रिव्ह्यूसाठी एक लिंक आणि क्यूआर कोड मिळतो. तो छापून काउंटरवर लावा, बिलासोबत व्हॉट्सॲपवर पाठवा. काम झाल्यावर, मोटार चालू होऊन पाणी पडलं की लगेच मागितला तर माणूस देतो. महिन्याने मागितला तर विसरतो.

'पाच स्टार द्या, 100 रुपये सूट घ्या' हे चालत नाही. रिव्ह्यूच्या बदल्यात पैसे, सूट किंवा भेट देणं गुगलच्या नियमात बसत नाही. फक्त खूश ग्राहकांकडूनच मागायचा आणि नाराज माणसाला टाळायचं, हेही नाही. विकत घेतलेले रिव्ह्यू तर नकोच. ते काढले जातात आणि प्रोफाइलवर कारवाई होऊ शकते. भारतात ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्युरोचं 'आयएस 19000:2022' हे मानकही 2022 मध्ये आलं आहे.

वाईट रिव्ह्यू आला तर भांडू नका. तुमचं उत्तर त्या एका माणसासाठी नसतं, पुढचे शंभर जण ते वाचणार असतात. 'मोटार आठ दिवसांनी परत जळाली' असं कोणी लिहिलं तर 'दुकानात घेऊन या, वाइंडिंग आमचं असेल तर तपासून देतो. व्होल्टेज कमी असेल तर तेही मोजून सांगतो' असं लिहा. वाचणाऱ्याला कळतं की हा माणूस काम जाणतो.

स्वतःचं एक पान

पूर्वी गुगल प्रोफाइलमधूनच एक छोटी वेबसाइट फुकट बनायची. ती सोय मार्च 2024 मध्ये बंद झाली. त्यामुळे स्वतःचं पान वेगळं बनवावं लागतं. गुगल साइट्स किंवा ब्लॉगरवर फुकट बनतं. थोडं कोडिंग येत असेल तर गिटहब पेजेसवर साधं एचटीएमएल पान फुकट ठेवता येतं. खर्च फक्त डोमेनचा, साधारण काही शे ते हजाराच्या आसपास वर्षाला. छोट्या दुकानाला यापेक्षा जास्त लागत नाही.

गुगल पानाचं काय करतं? आधी त्याचा प्रोग्राम पान वाचतो, मग ते सूचीत ठेवतो, आणि कोणी शोधलं की सूचीतून योग्य पानं क्रमाने दाखवतो. वाचताच आलं नाही तर पुढचं काहीच होत नाही. मराठी दुकानांच्या पानांवर नेमकी हीच अडचण दिसते, आणि तिची कारणं दोन.

एक, मजकूर फोटोत असतो. डीटीपीवाल्याकडून करून घेतलेलं पॅम्फ्लेट तसंच पानावर चिकटवतात. फोटोतल्या मजकुरावर भरवसा ठेवू नका. सेवा, दर, पत्ता, फोन हे सगळं टाइप केलेलं हवं.

दोन, फॉन्ट. कृतिदेव किंवा जुन्या श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण आत साठवलेली असतात भलतीच अक्षरं. तो पानावर टाकला की गुगलला अर्थहीन अक्षरांची रांग दिसते. तपासायची पद्धत सोपी आहे: पानावरचं एक वाक्य कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा. मराठी दिसलं तर युनिकोड आहे. रोमन अक्षरांचा कचरा दिसला तर पुन्हा युनिकोडमध्ये टाइप करा.

भाषा कोणती? तुमचा ग्राहक जी बोलतो ती. काही जण देवनागरीत शोधतात, काही रोमन अक्षरांत मराठी लिहितात, काही सरळ इंग्रजीत. मुख्य मजकूर मराठीत ठेवा, आणि दुकानाचं नाव, गावाचं नाव व कामाचं नाव एकेकदा इंग्रजीतही येऊ द्या. एकच शब्द पन्नास वेळा भरू नका.

पानाच्या टायटलमध्ये काम आणि गाव हवं: 'मोटार रिवाइंडिंग आणि सबमर्सिबल पंप दुरुस्ती, कराड'. नुसतं 'होम' किंवा 'आपले स्वागत आहे' नको. नाव, पत्ता, फोन हे प्रोफाइल, पान, जस्टडायल अशा सगळ्या ठिकाणी अगदी एकसारखं ठेवा. शेवटी गुगल सर्च कन्सोल या मोफत साधनात पान जोडा. गुगलने पान सूचीत घेतलं का, लोक कोणते शब्द टाकून आले, हे तिथे दिसतं.

एसईओच्या नावाखाली काय विकलं जातं?

'मेटा कीवर्ड टाकून देतो': गुगल सर्चच्या क्रमवारीसाठी हा टॅग वापरत नाही, हे त्यांनी 2009 मध्येच जाहीर केलं आहे.

'हजार बॅकलिंक देतो': दुसऱ्या पानांनी आपल्याला दिलेल्या लिंकला महत्त्व आहे, गुगलची सुरुवातच त्या कल्पनेवर झाली. पण घाऊक विकत घेतलेल्या लिंक हा स्पॅम मानला जातो, आणि एप्रिल 2012 च्या 'पेंग्विन' अपडेटपासून त्यावर कडक कारवाई सुरू झाली. तुम्ही ज्या कंपनीचे पंप विकता तिच्या डीलर यादीतली एक लिंक अशा हजार लिंकपेक्षा बरी.

'गुगलमध्ये सबमिट करून देतो': सर्च कन्सोलमधून हे तुम्ही स्वतः पाच मिनिटांत करू शकता.

चांगली एजन्सी नसतेच असं नाही. ती हमी देत नाही, खाती तुमच्या नावावर उघडते आणि रिपोर्टमध्ये 'इंप्रेशन'च्या जोडीने किती फोन आले तेही सांगते.

जाहिरात: आधी गणित, मग बजेट

गुगल ॲड्समध्ये प्रत्येक शोधाला लिलाव होतो. जास्त बोली लावणाराच जिंकतो असं नाही, जाहिरात आणि पान शोधाला किती जुळतं हेही धरलं जातं. पैसे सहसा क्लिकला लागतात, आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. नोंदणी असेल तर जीएसटीआयएन खात्यात भरून ठेवा.

रोजचं बजेट 200 रुपये ठेवलं तर एखाद्या दिवशी गुगल दुप्पटही खर्च करू शकतं, पण महिन्याला 30.4 पटीच्या वर जात नाही. म्हणजे 6,080 रुपये, जीएसटी धरून सुमारे 7,174.

आता समजा एका क्लिकला 12 रुपये पडले. साधारण 506 क्लिक झाले. त्यातल्या शंभरात पाच जणांनी फोन केला तर 25 फोन. निम्म्यांचं काम मिळालं तर 12 मोटारी. म्हणजे एका मोटारीमागे जाहिरातीचा खर्च जवळपास 598 रुपये. एका मोटारीत तुम्हाला 500 सुटत असतील तर जाहिरात चालू असताना तुम्ही खिशातले पैसे घालताय, आणि गल्ला भरलेला दिसल्यामुळे ते कळतही नाही. हेच पान नीट केलं, फोन लगेच उचलला आणि शंभरात दहा फोन आले, तर 25 मोटारी होतात आणि खर्च 287 वर येतो. हे आकडे समजण्यापुरते आहेत. तुमचे आकडे टाकून हेच गणित करा. बजेट वाढवण्याआधी पान सुधारायचं ते यासाठी.

दोन सेटिंग नक्की तपासा. ठिकाणाच्या सेटिंगमध्ये मूळ निवड अशी असते की त्या भागात 'असलेले' आणि त्या भागात 'रस दाखवलेले' दोघांनाही जाहिरात दिसते. दुकानासाठी फक्त 'असलेले' ठेवा, नाहीतर दिल्लीतल्या माणसाच्या क्लिकचेही पैसे जातील. आणि नकारात्मक शब्द टाका: 'कोर्स', 'नोकरी', 'पगार', 'डायग्राम'. रिवाइंडिंग शिकायला निघालेला मुलगा तुमचा ग्राहक नाही.

जुना ग्राहक सगळ्यात स्वस्त

व्हॉट्सॲप बिझनेस हे मोफत ॲप 2018 मध्ये आलं. त्यात कॅटलॉग, ठरलेली उत्तरं, दुकान बंद असतानाचा आपोआप जाणारा मेसेज आणि ग्राहकांना लेबल लावायची सोय आहे. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 पर्यंत जण घेता येतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोहोचतो. म्हणून बिल देताना 'नंबर सेव्ह करून ठेवा' हे सांगायचंच. रोज गुड मॉर्निंग नको. उन्हाळ्याआधी 'मोटार तपासून घ्या' असा एक मेसेज पुरे.

पहिल्या महिन्याची यादी

1. दुकानाचा वेगळा ईमेल. प्रोफाइल, डोमेन, जाहिरात खातं सगळं त्याच्यावर.
2. प्रोफाइलची पडताळणी, बरोबर प्रकार, खऱ्या वेळा, दहा खरे फोटो.
3. क्यूआर कोड काउंटरवर. प्रत्येक रिव्ह्यूला उत्तर.
4. युनिकोड मराठीत एक पान, सर्च कन्सोलमध्ये जोडलेलं.
5. फोनशेजारी एक वही. प्रत्येक नव्या ग्राहकाला विचारायचं, 'आमचा नंबर कुठून मिळाला?' आणि उत्तर लिहायचं.

पाचवी गोष्ट सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. प्रोफाइलमध्ये फोन बटणावरचे क्लिक, रस्ता विचारणारे आणि शोधलेले शब्द दिसतात, पण त्यातून प्रत्यक्ष काम किती मिळालं ते वहीच सांगते. तीन महिन्यांनी वही उघडून बघा. ग्राहक नकाशातून येत असतील तर तिकडे लक्ष द्या. जाहिरातीतून येत नसतील तर ती बंद करा, त्याने नकाशातली तुमची जागा कमी होत नाही.